क्रेग्ज हटचा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नमधल्या आपल्या माणसांनी फोर बाय फोर घेतली की आधी गाडीला हार, मग पेढे, आणि तिसऱ्या दिवशी मला फोन : "आता हिला न्यायची कुठे?" गेली काही वर्षं माझं उत्तर ठरलेलं आहे, क्रेग्ज हट. मग निघायच्या आदल्या रात्री अकरा वाजता पुन्हा फोन येतो, आणि त्यातले प्रश्नही ठरलेले असतात. ते इथे एकदाच लिहून ठेवते.

हे क्रेग्ज हट म्हणजे नेमकं काय?

व्हिक्टोरियाच्या डोंगराळ भागात, माउंट स्टर्लिंगच्या पलीकडच्या अंगाला, अल्पाइन नॅशनल पार्कात एका उघड्या गवताळ सोंडेवर असलेली लाकडी झोपडी. दिसते शंभर-दीडशे वर्षांची, पण ती उभी राहिली 1981 मध्ये, 'द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर' या चित्रपटाचा सेट म्हणून. डिसेंबर 2006 च्या वणव्यात ती जळून गेली आणि 2008 मध्ये पुन्हा बांधली. म्हणजे आज आपण फोटो काढतो तो एका सेटच्या प्रतिकृतीचा. हे कळल्यावर काही जण हिरमुसतात. मी म्हणते, समोरची डोंगररांग तर कुणी सुताराने केलेली नाही ना!

अशा खऱ्या झोपड्या या डोंगरांत पुष्कळ होत्या, काही अजून आहेत. उन्हाळा आला की इथले गुराखी गुरं वरच्या कुरणांवर चढवायचे आणि थंडीआधी खाली आणायचे. आपल्या धनगरांचं घाटावर-कोकणात चालतं तसंच, फक्त घोड्यावरून. राष्ट्रीय उद्यानातली ही चराई 2005 मध्ये सरकारने बंद केली. त्याच्याही हजारो वर्षं आधीपासून हा मुलूख टौंगुरंग या इथल्या मूळनिवासी लोकांचा आहे, हे मुलांना गाडीतच सांगून ठेवा. झोपडीपाशी पोचल्यावर कुणी ऐकत नाही.

ट्रॅक किती मोठा आहे?

खरा फोर व्हील ड्राइव्ह तुकडा, म्हणजे क्लिअर हिल्स ट्रॅक, दोनेक किलोमीटरचा. त्यासाठी मेलबर्नहून मॅन्सफिल्डपर्यंत साधारण 190 किलोमीटर आणि तिथून पुढे आणखी पन्नासेक. मेरिजिगवरून मिरिंबा, तिथे डांबर सोडून टेलिफोन बॉक्स जंक्शन, मग सर्किट रोड नावाचा माउंट स्टर्लिंगला वळसा घालणारा खडीचा रस्ता. त्या सर्किट रोडवरून हा ट्रॅक वर फुटतो.

"दोन किलोमीटरसाठी इतकं जायचं?" हो. शिकायला असाच ट्रॅक चांगला. चढ आहे, सुटे दगड आहेत, ओघळ आहेत, आणि फसलात तर चालत सर्किट रोडला येता येतं.

माझी गाडी जाईल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत. मागच्या दारावर 'ऑल व्हील ड्राइव्ह' लिहिलंय म्हणजे काम झालं असं नाही. रॅव्ह-फोर, फॉरेस्टर यांसारख्या गाड्या सर्किट रोडपर्यंत मजेत येतात. वरच्या चढाला मात्र दोन गोष्टी लागतात : पोटाखाली भरपूर जागा आणि लो रेंज. लो रेंज म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढे आणखी एक दातांची जोडी. ती लावली की इंजिन तेवढंच फिरतं, चाकं मात्र कमी फिरतात, आणि जोर त्या प्रमाणात वाढतो. सायकलवर चढाला आपण मागचं मोठं चक्र घेतो, तसंच. पण तिचा खरा उपयोग चढताना नाही, उतरताना कळतो. त्यावर पुढे येतेच.

प्राडो, पजेरो, ट्रायटन, हायलक्स, जिम्नी या नेहमीच्या. आणि हो, आपली स्कॉर्पिओसुद्धा. 2023 पासून ती इथे विकली जाते, चाकणला बनते. पाच दारांची जिम्नी इथे येते तीही गुरुग्रामच्या कारखान्यातून. दोन्ही गाड्या इथल्या चिखलात बघितल्या की उगाचच ऊर भरून येतो, त्याला इलाज नाही.

भाड्याची गाडी असेल तर करार नीट वाचा. बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर विमा चालत नाही, आणि गाडी फोर बाय फोर असली तरी तेच कलम असू शकतं. आणखी एक : हे जंगल असलं तरी रस्ताच आहे. गाडीची नोंदणी, चालकाचं लायसन्स, दारूची 0.05 ची मर्यादा, सगळं लागू. ट्रॅक सोडून गवतात गाडी घालणं हा गुन्हा आहे.

अशी गाडी नसेल तर आहे ती सर्किट रोडला लावा आणि चालत जा. सिंहगड चढणाऱ्याला हा चढ म्हणजे काहीच नाही.

कधी जावं?

जूनमधल्या राजाच्या वाढदिवसाच्या लाँग वीकेंडनंतर इथले कच्चे ट्रॅक बंद होतात ते साधारण ऑक्टोबरअखेरपर्यंत, काही नोव्हेंबरपर्यंतही. फाटकाला कुलूप असतं. हिवाळ्यात वर बर्फ असतो हे एक कारण, पण मुख्य कारण माती. ओल्या मातीत जड गाडीची चाकं रुतून खोल पन्हळी पडतात, पाणी त्यांतून धावतं आणि दोन पावसांत रस्त्याचा ओढा होतो. 'चाकोरी' हा शब्द आपण कंटाळवाण्या आयुष्यासाठी वापरतो. खरी चाकोरी कशी दिसते ते इथे बघा : गुडघाभर खोल, आणि एकदा चाक आत गेलं की सुकाणू तुमच्या हातात राहत नाही.

नोव्हेंबरच्या मेलबर्न कपच्या, म्हणजे घोड्यांच्या मोठ्या शर्यतीच्या वीकेंडला ट्रॅक नुकतेच उघडलेले असतात आणि अर्धं मेलबर्न तिथे असतं. ईस्टरलाही तीच जत्रा. मला विचाराल तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, आणि जमलं तर आठवड्याच्या मधला वार. डिसेंबर-जानेवारीत वणव्यांचा अंदाज रोज बघावा लागतो. धोका सगळ्यात वरच्या, म्हणजे 'कॅटास्ट्रॉफिक' पातळीला गेला तर उद्यानच बंद होतं. आणि उन्हाळा आहे म्हणून स्वेटर घरी ठेवू नका. या उंचीवर डिसेंबरातही हिमाचा शिडकावा होऊ शकतो.

चाकातली हवा खरंच कमी करायची? टायर खराब नाही होणार?

करायची. पंपावर 36-38 पीएसआय भरून आलेली गाडी सर्किट रोडच्या फाट्यावर थांबवा आणि चारही चाकं 24 ते 26 वर आणा. टायर थोडा बसतो, जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो, दगडाला धक्के मारण्याऐवजी त्याला कवटाळतो. भाकरीचं पीठ घट्ट असलं तर परातीत नुसतं घरंगळतं, सैल केलं की चिकटतं, तसं काहीसं. पकड वाढते, खड्ड्यांतले हादरे कमी होतात, आणि ट्रॅकही कमी उकरला जातो.

टायर खराब होतो तो नंतर, कमी हवेवर हायवेला शंभरने पळवल्यावर. म्हणून छोटा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचा गेज सोबत हवाच. खाली उतरलात की आधी हवा, मग घर.

चढताना नेमकं काय करायचं?

खाली सपाटीवर थांबून लो रेंज लावा. चढाच्या मध्यावर लावू म्हणाल तर जमणार नाही. बहुतेक गाड्यांत त्यासाठी गाडी उभी करून न्यूट्रल लागतं. गिअर पहिला किंवा दुसरा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलवर टाकून तोच धरून ठेवा. नाहीतर गाडी ऐन चढावर स्वतःच्या मनाने गिअर बदलते आणि दम सोडते.

चाल माणसाच्या चालीइतकी. वेगाने उडी घेऊन चढायचा मोह होतो, त्याने चाक हवेत उडतं, आणि हवेतल्या चाकाला पकड नसते.

मोठा दगड आला तर बहुतेकांना वाटतं की तो दोन चाकांच्या मधून घ्यावा. उलट. चाक दगडावर चढवा. चाकाखाली रबर आहे, मध्ये तुमचं डिफरन्शियल (चाकांना जोर वाटून देणारी पेटी) आणि तेलाचं चेंबर आहे. सुकाणू धरताना अंगठे आत अडकवू नका, बाहेर कडेवर ठेवा. चाक दगडाला आपटलं की सुकाणू झटकन फिरतं आणि अंगठा दुखावतो.

या ट्रॅकवर जागोजागी आडवे मातीचे बांध घातलेले आहेत. पावसाचं पाणी रस्त्यावरून धावू नये, बाजूच्या जंगलात जावं म्हणून. शेताच्या बांधासारखेच, फक्त उंच. बांधावर गाडी सरळ घाला. तिरकी घातली की समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं उचलली जातात आणि गाडी झोक्यासारखी डुलते. माथ्यावर बॉनेटपुढे फक्त आकाश दिसतं. तिथे एक क्षण थांबा. पलीकडे काय आहे ते दिसत नसेल तर कुणाला तरी खाली उतरवा.

हे खाली उतरून दिशा दाखवणं आपल्या लोकांना उपजत येतं. एसटीचा कंडक्टर पत्र्यावर थाप मारत "येऊ दे, येऊ दे, डावीकडे काट, बस्स" म्हणायचा, तेच. फक्त सांगणारा एकच हवा. चार जणांनी चार दिशा दाखवल्या की गाडी पाचवीकडे जाते.

गाडी चढाच्या मध्येच थांबली तर?

याचं उत्तर पाठ करून जा, कारण त्या क्षणी विचार करायला डोकं चालत नाही.

आमची पहिली खेप. रात्री पाऊस पडून गेलेला, सकाळी ऊन. तिसऱ्या की चौथ्या बांधावर पुढची चाकं चढली आणि मी घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडीचा दम गेला. मग पुन्हा पाय दाबला, तर मागची चाकं जागच्या जागी फिरली, खडी मागे तडतड उडाली आणि गाडी बोटभर उजवीकडे सरकली. उजवीकडे उतार होता. माझ्या हातांनी, मला न विचारता, सुकाणू फिरवायला घेतलं : वळवू आणि तोंड खाली करून निघू. नवरा बाहेर उभा होता. तो फक्त एवढंच ओरडला, "सरळ!"

चढावर गाडी आडवी करणं म्हणजे तिला कलंडायचं निमंत्रण. आडव्या गाडीचं सगळं वजन खालच्या दोन चाकांवर येतं. म्हणून ब्रेक घट्ट दाबा. हँडब्रेक ओढा. श्वास घ्या. पायाचा ब्रेक धरूनच लो रेंजमध्ये रिव्हर्स गिअर टाका. सुकाणू सरळ आहे याची खात्री करा, वाटलं तर खिडकीतून डोकं काढून चाकाकडे बघा. मग हँडब्रेक सोडा, ब्रेक हळूहळू सैल करा आणि इंजिनच्या जोरावर आल्या वाटेने सरळ मागे या. न्यूट्रल कधीही नाही. खाली येऊन पुन्हा प्रयत्न करा, थोडी वेगळी रेघ धरून.

त्या दिवशी आमच्या मागची गाडी शेपटीला चिकटून होती. तिला आधी मागे घ्यायला लागलं, तोवर मी ब्रेकवर दोन्ही पाय ठेवून बसले होते. म्हणून नियम : पुढची गाडी चढून वर दिसेनाशी होईपर्यंत मागच्याने खालीच थांबायचं.

उतरताना काय काळजी घ्यावी?

माझ्या मते सगळा ट्रॅक इथे आहे. चढताना काही चुकलं तर गाडी थांबते. उतरताना चुकलं तर थांबत नाही.

पहिला गिअर, लो रेंज, पाय दोन्ही पेडलवरून बाजूला. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पहिल्यांदा हे फार विचित्र वाटतं, तीव्र उतारावर आपण काहीच करत नाही आणि गाडी गुरगुरत मुंगीच्या पावलांनी उतरते. ब्रेक लागलाच तर अलगद, थोडा थोडा. घसाऱ्यावर जोरात ब्रेक मारला की चाकं लॉक होतात आणि खडीवरून गाडी स्लेजसारखी जाते. सह्याद्रीत घसाऱ्यावरून बसून घसरलेल्या प्रत्येकाला हे पार्श्वभागाने माहीत आहे. मागचा भाग बाजूला सरकायला लागला तर ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर जरासा द्यायचा. मनाला पटत नाही, पण चाक फिरायला लागलं की पकड परत येते.

समोरून गाडी आली तर वाट कुणी द्यायची?

आपला घाटातला नियम : चढणाऱ्याला वाट. उतरणाऱ्याने जागा बघून थांबायचं. पण तारतम्यही हवं. समोरच्याच्या मागे ट्रेलर असेल तर तुम्हीच मागे या. वाट दिल्यावर हात दाखवतात. तुम्हीही दाखवा, आणि मागे किती गाड्या आहेत ते बोटांनी सांगा.

अडकलेली गाडी दोरीने ओढायची का?

आधी फावडं. चाकापुढची माती काढून, हवा आणखी थोडी कमी करून बघितलीत तर दहातल्या बहुतेक वेळा काम होतं. त्यानंतर चाकाखाली घालायच्या प्लॅस्टिकच्या फळ्या, मॅक्सट्रॅक्स वगैरे. दोरीचा नंबर शेवटचा.

आणि टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, ओढायचा पट्टा कधीही, कधीही अडकवू नका. तो गोळा ताणाखाली तुटतो आणि तोफगोळ्यासारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात यात माणसं मेली आहेत. गाडीला ओढण्यासाठी प्रमाणित केलेले हुक असतात, तेच वापरा. पट्ट्यावर मध्ये जड पिशवी किंवा ओलं ब्लँकेट टाका, आणि बाकी सगळ्यांना लांब उभं करा. शिकलेलं कुणी सोबत नसेल तर या भानगडीत पडू नका. फोर व्हील ड्राइव्ह क्लबांचे एक-दोन दिवसांचे वर्ग असतात, ते करा. गाडीवर लावलेल्या महागड्या दिव्यांपेक्षा त्याचे पैसे लवकर वसूल होतात.

मोबाईल चालतो का?

वर एखादी रेघ येते, दरीत नाही. नकाशा आधीच उतरवून घ्या. दोन गाड्या असतील तर प्रत्येकीत यूएचएफ रेडिओ, म्हणजे वॉकी-टॉकीसारखा रेडिओ ठेवा. फोर व्हील ड्राइव्हवाले साधारण चॅनल 10 वर असतात. 5 आणि 35 हे फक्त आणीबाणीचे, त्यांवर गाणी म्हणायची नाहीत. हे मला एकदा पोरांना समजवावं लागलं आहे. एकटी गाडी घेऊन जाणार असाल तर उपग्रहाला संदेश देणारा लोकेटर बीकन घ्या, आणि घरी कुणाला तरी परतायची वेळ सांगून ठेवा.

वाटेत बघण्यासारखं काय?

बहुतेक जण झोपडीकडे डोळे लावून जातात आणि सगळं जंगल मागे टाकतात. सर्किट रोडवर उंचच उंच सरळसोट झाडं लागतात ती अल्पाइन ॲश, आणि वर बुटकी, वाकडीतिकडी, अंगावर राखाडी-गुलाबी-हिरवे पट्टे असलेली ती स्नो गम. दोन्ही निलगिरीच्या जातीची. आपल्याकडे वनीकरणाच्या नावाखाली ओळीत लावलेल्या निलगिरीखाली गवतही नीट उगवत नाही, त्यामुळे या झाडाबद्दल माझं मत वाईटच होतं. इथे ती स्वतःच्या माहेरी आहे. खाली नेचे, वर पक्षी, खोडाच्या ढोलीत पॉसम.

दोन बहिणींचे स्वभाव मात्र वेगळे. वणवा आला की अल्पाइन ॲश मरते आणि राखेत पडलेल्या बियांतून नवी पिढी उगवते. पण त्या पिढीला पुरेसं बी धरायला वीसेक वर्षं लागतात. त्याआधी दुसरा वणवा आला तर बीच नसतं आणि जंगल संपतं. 2003, 2006-07, 2009, 2013, 2019-20 असे वणवे लागोपाठ आल्याने व्हिक्टोरियात काही डोंगरांवर हेलिकॉप्टरमधून बी पेरावं लागलं. स्नो गम वरून जळते पण बुंध्यापासून पुन्हा फुटते. उतारांवर पांढरे सांगाडे आणि त्यांच्या पायाशी हिरवी झुडपं दिसतील, ते हेच.

बिजागरी करकरल्यासारखा आवाज आला तर वर बघा, तो गँग-गँग काकाकुवा, नराचं डोकं लालभडक. रस्त्याच्या कडेला चौकोनी लेंड्या दिसल्या तर ते वॉम्बॅटचं काम, कुणी मस्करी केलेली नाही. आणि संध्याकाळी गाडीसमोर काळपट मोठं जनावर उभं राहिलं तर दचकू नका, ते सांबर. आपलंच. 1860 च्या दशकात साहेबांनी शिकारीसाठी उपखंडातून आणून सोडलं. इथे वाघ नाही, त्यामुळे ते इतकं माजलं की आता उपद्रवी म्हणून त्याची शिकार चालते. परतीला दिवेलागण करू नका, याचं मुख्य कारण तेच.

झोपडीत राहता येतं का? चूल, कुत्रा, ड्रोन?

झोपडीत मुक्काम नाही. तंबू ठोकायचा असेल तर हॉक्वा नदीकाठचं शीपयार्ड फ्लॅट बघा, तिथे साधी गाडीही जाते. कुत्रा राष्ट्रीय उद्यानात चालत नाही, ड्रोन परवानगीशिवाय नाही. चूल ठरलेल्या जागी किंवा 30 सेंटिमीटर खोल खड्ड्यातच, सरसकट आगबंदीच्या दिवशी अजिबात नाही, आणि विझवायची ती पाण्याने. माती टाकली तर खाली निखारा तासन् तास जिवंत राहतो. थालीपीठ घरून करून न्या.

जायच्या आधी गाडी धुवायची? जाऊन आल्यावर समजू शकतो.

दोन्ही वेळा. टायरच्या खाचांतल्या मातीतून झाडांची मुळं कुजवणारा बुरशीसारखा सूक्ष्मजीव आणि परदेशी तणांचं बी एका जंगलातून दुसऱ्यात जातं. चाकांच्या कमानी आतून धुवा. आल्यावर ब्रेक आणि रेडिएटरसुद्धा.

आई-बाबा आलेत भारतातून. त्यांना नेलं तर चालेल?

माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेल्या होत्या. वर सांगितलेल्या बांधांवर गाडी डुलते तेव्हा मान आणि कंबर हलते, म्हणून त्यांना पुढच्या सीटवर बसवा, मानेमागे उशी द्या आणि दाराच्या वरचं हँडल दाखवून ठेवा. सुटे डबे, बाटल्या, कुकर मागे बांधून टाका. उडालेला डबा डोक्यात बसतो. पाणी आणि औषधं हाताशी. मॅन्सफिल्डला पेट्रोल, बाथरूम आणि चहा तिन्ही उरका, कारण वर दुकान नाही. थर्मास न्याच. सासूबाई झोपडीच्या ओट्यावर बसून चहा प्यायल्या, समोरच्या रांगा एकीमागे एक निळ्या होत जाताना बघितल्या, आणि म्हणाल्या, "उतरताना मी चालत येते."

आल्या. आमच्या पुढे.